ऑक्सिजन संवेदक (वाहन)

ऑक्सिजन संवेदक किंवा लॅम्डा सेन्सर हे वाहनाच्या धुराड्यात बसवलेले, निष्कास वायूतील उरलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण ओळखणारे उपकरण आहे. त्याच्या संकेतावरून इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण एकक (ईसीयू) इंधनाची मात्रा कमी-अधिक करते. जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेला हा संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो मोटारींत प्रथम वापरात आला.

== कार्यपद्धती ==
१ किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके साधले म्हणजे लॅम्डाचे मूल्य १ मानतात. त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे ही तिन्ही प्रदूषके या मूल्याच्या अगदी जवळच एकाच वेळी कमी करू शकतो. संवेदकाची गरज मुख्यतः त्यामुळे निर्माण झाली.

प्रचलित प्रकारात झिर्कोनिया या सिरॅमिकचे, प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप दिलेले टोक असते. त्याच्या बाहेरून निष्कास वायू जातो, आत बाहेरची हवा असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकामुळे विद्युतदाब निर्माण होतो. मिश्रणात इंधन जास्त असल्यास तो सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असल्यास ०.१ व्होल्टच्या आसपास असतो. इंजिन थंड असताना संवेदक निरुपयोगी ठरतो. म्हणून नंतरच्या संवेदकांत विद्युत तापक बसवला जाऊ लागला. मोटारींमध्ये परिवर्तकाच्या पुढे व मागे असे दोन संवेदक असतात. मागचा संवेदक परिवर्तकाच्या कार्यक्षमतेवर लक्ष ठेवतो.

== भारतातील वापर ==
शिसेयुक्त पेट्रोलने परिवर्तक व संवेदक दोन्ही निकामी होतात. भारतात २००० साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाल्यावरच या तंत्राचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ मानकांमुळे दुचाकींमध्येही कार्बुरेटर जाऊन इंधन अंतःक्षेपण आणि त्यासोबत ऑक्सिजन संवेदक आला. जळोचीजवळच्या बारामती औद्योगिक वसाहतीतील पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून तयार होणाऱ्या व्हेस्पा स्कूटरमध्येही हाच बदल झाला.

== इथेनॉलमिश्रित पेट्रोल ==
बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर हे सहकारी साखर कारखाने इथेनॉलही तयार करतात. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला सुमारे ९ पट हवा पुरते. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलसाठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. ईसीयू संवेदकाच्या आधारे इंधन वाढवून हा फरक भरून काढते. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत अशी सोय नसल्याने मिश्रण पातळ होते. मात्र रबरी नळ्या व सील इथेनॉलला टिकतील की नाही, याच्याशी संवेदकाचा संबंध नाही.

== बिघाड ==
इंजिन ऑइलची राख, सिलिकॉन व काजळी यांमुळे संवेदक मंदावतो. इंधन जास्त लागणे, काळा धूर व इंजिनाचा इशारादिवा ही त्याची सामान्य लक्षणे होत. परंतु दिवा लागला म्हणजे संवेदकच बिघडला असे नव्हे. सायलेन्सरच्या जोडातून हवा आत शिरल्यास, किंवा स्पार्क प्लग नीट न पेटल्याने ऑक्सिजन न वापरता बाहेर पडल्यास, संवेदक मिश्रण पातळ असल्याचेच सांगतो. ईसीयू मग आणखी पेट्रोल सोडते आणि परिवर्तक तापून वितळण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी नवा संवेदक बसवूनही दोष कायम राहतो. त्यामुळे आधी गळती व प्लग तपासावेत.