पद्मिनीचा साज

‘मुलामा’ हा शब्द मराठीत बदनाम झाला आहे. मुलामा म्हटलं की आत पितळ आहे, असंच आपण धरून चालतो. मूळ अरबी शब्दात मात्र चमकण्याचा अर्थ आहे. फारसी काव्यशास्त्रात तर दोन भाषांच्या ओळी एकत्र गुंफलेल्या कवितेलाही मुलम्मा म्हणतात. घरी दखनी बोलून मराठीत कविता लिहिणाऱ्या मला हा अर्थ जवळचा वाटतो. पण आज बोलायचं आहे ते मोटारीच्या मुलाम्याविषयी: बंपर, पुढची जाळी, दारांवरून धावणारी चकचकीत पट्टी, व्हीलकॅप आणि डिकीवरचं नाव. या नावाला आपल्याकडचे मिस्त्री ‘मोनोग्राम’ म्हणतात.

माझ्या एका मित्राकडे १९७४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिचं इंजिन सहज दुरुस्त झालं. या गाडीचं इंजिन जाणणारे मिस्त्री पुण्यात अजून सापडतात. अडलं ते साजापाशी. पहिली ठोकर बंपरच खातो आणि भंगारात पहिली पट्टीच उपसली जाते. नाना पेठेतली सुट्या भागांची दुकानं झाली, जुन्या बाजारातल्या रविवारच्या फेऱ्या झाल्या. अशाच एका फेरीत त्याच्या हाती एक देखणा मोनोग्राम लागला. त्यावर अक्षरं होती ‘फियाट’. मित्र हरखला. म्हणाला, “अरे, सगळे हिला फियाटच म्हणतात. हाच लावतो.”

मी म्हटलं, “थांब जरा.” त्या दोन-तीन इंचांच्या तुकड्याला मोठा इतिहास आहे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकी गाड्या जुळवल्या जात. भाग बाहेरचे, मजुरी इथली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून हेच करत होती. १९५३ मध्ये सरकारनं धोरण ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम हवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, ती इटलीच्या फियाटशी केलेल्या करारामुळे. वालचंद मात्र त्याच वर्षी गेले.

१९५४ मध्ये फियाट ११०० आली. तिच्या नाकामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ केलं. बारसं करावं तर मुंबईकरांनीच! १९६४ पासून ११०० डी आली. इटलीत हे मॉडेल दोन वर्षांत बंद झालं, कुर्ल्यात मात्र बनत राहिलं. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटचं नाव गाडीवरून उतरलं आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, चितोडच्या राणीचं नाव घेऊन. पत्रा तोच, आकार तोच, इंजिनाचा घाटही तोच. नाव तेवढं बदललं.

म्हणून मला तो तुकडा महत्त्वाचा वाटतो. ही गाडी परक्या नावावर न विसंबता इथे बनू लागली, हे दुरून पाहताना सांगणारी खूण तेवढीच. बाकी सगळी गाडी इटलीची साक्ष देते, कुर्ल्याची साक्ष तो मोनोग्राम देतो. तो काढून इटालियन नाव लावलं, की हजारो कामगारांची वर्षं पुसली जातात. लोक बोलताना फियाट म्हणोत, खुशाल म्हणोत. बोलण्यातलं नाव वेगळं आणि धातूत ओतून गाडीवर ठोकलेलं नाव वेगळं.

कायदा इथे मदतीला येत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद होते. पण त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या बदलांकडे पाहिलं जातं. मोनोग्राम मालकाच्या मर्जीवर. हौसेपायी तर याहून मोठा अन्याय होतो. क्रोमचा मुलामा गाड्यांवर रूढ झाला १९२५ नंतर. त्याआधी निकेल असे, त्याहीपूर्वी उघडं पितळ. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार. तरीही १९२० च्या गाड्या निळसर क्रोमनं झळकवून मिरवणाऱ्यांची कमी नाही.

आपण ज्याला क्रोम म्हणून दाद देतो, त्यातली चमक बरीचशी निकेलचीच असते. पोलादी बंपरला डेंटर मागून ठोकून सरळ करतो, मग बफिंग, मग तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोमचा थर, तोही एका मायक्रॉनहून पातळ. बंपर गंजतो तो बहुधा खालचं निकेल कमी पडल्यामुळे. स्टीलच्या पट्टीला मुलामा लागत नाही, पोचे काढून घासली की झालं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवरचा जुना थर कॉस्टिकनं उतरवून तिला पुन्हा ॲनोडाइज करावं लागतं. हे न ओळखता सगळ्यांना एकच टाकी दाखवली की माल गेला. त्या टाक्यांमधलं क्रोमिक ॲसिड विषारी, त्याचं सांडपाणी नदीला घातक. म्हणून निर्बंध कडक झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण एक-दोन बंपर घेऊन येणाऱ्या माणसाला मोठा प्लेटिंगवाला उभा करत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

मित्राला शेवटी ‘पद्मिनी’ मिळाली, पण मागच्या दोन्ही खिळ्या तुटलेली. हा धातू मझॅक: जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांचा मिश्रधातू. (उर्दू जाणणाऱ्याला या नावात थट्टा ऐकू येते, आणि ती खोटी नाही.) त्यावर पांढरी फुली येते, खड्डे पडतात, ॲसिडात जास्त वेळ राहिला तर विरघळतो. साधा डाग त्याला धरत नाही. भोसरीच्या प्लेटिंगवाल्या चाचांनी तो हातात फिरवून परत दिला. म्हणाले, “बेटा, हा माझ्या टाकीत नको. ओताऱ्याकडे जा, पितळेत काढून आण.”

कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांब्यावर ठोके पडतात. पण तांबट ठोकतो, ओततो तो ओतारी. तसा एक म्हातारा ओतारी सापडला. त्यानं मूळ मोनोग्राम मातीत दाबून साचा घेतला, पितळ ओतलं आणि कानस लावत बजावलं, “पितळ निवताना आवळतं. हे मुळापेक्षा केसभर लहान येणार.” तसंच झालं. चाचांनी त्यावर निकेल, क्रोम चढवलं, पण नव्या खिळ्या डिकीच्या जुन्या भोकांत बसेनात. नवी भोकं पाडणं सोपं होतं, मित्रानं ड्रिलही आणलं होतं. शेवटी त्यानं ते ठेवून दिलं. कानस घेऊन दोन्ही खिळ्या आतल्या बाजूनं झिजवल्या आणि कुर्ल्यात पाडलेल्या त्याच भोकांत त्या हलकेच ढकलल्या.