ज्ञाननिरूपण (सॉफ्टवेअरच्या गरजांच्या विश्लेषणातील)

सॉफ्टवेअर ज्या व्यवहारासाठी करायचे, त्यातील माणसे, वस्तू, घटना, नियम आणि त्यांची परस्परनाती संगणकाला तपासता येतील इतक्या काटेकोरपणे आधी मांडून ठेवण्याची पद्धत. मार्विन मिन्स्की यांची ‘फ्रेम’ (एखाद्या गोष्टीची माहिती एकत्र बांधणारा साचा) ही कृत्रिम बुद्धिमत्तेतील कल्पना तिच्या मुळाशी आहे. प्रोग्रॅम काय करील हे लिहिण्याआधी जग कसे आहे ते लिहावे, असा आग्रह सोल ग्रीनस्पॅन, जॉन मायलोपोलस आणि अलेक्स बोर्गिडा यांनी १९८२ मध्ये धरला. अशा मांडणीसाठीची त्यांची भाषा म्हणजे आरएमएल. पुढे टेलोस (१९९०) ही भाषा आली. एरिक यू यांच्या आय-स्टार या मांडणीपद्धतीने (१९९५) कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे, हेही आराखड्यात आणले.

या पद्धतीची निकड पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील वावरसारख्या गावी नीट कळते. वावर-वांगणीचे नाव १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर पोहोचले. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे भातकापणी उरकली की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तिकडे याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. आता अंगणवाडीच्या संगणकप्रणालीसाठी ‘प्रत्येक बालकाचे वजन दरमहा नोंदवावे’ एवढीच गरज कागदावर असेल, तर एक बालक–एक अंगणवाडी असे नाते गृहीत धरले जाते आणि जगायला गेलेले मूल ‘गैरहजर’ ठरते. त्याऐवजी ‘मुक्काम’ ही स्वतंत्र संकल्पना मांडावी: ठिकाण, कधीपासून, कधीपर्यंत, सोबत कोण. त्याला नियम जोडावा, की कोणत्याही महिन्यात बालकाची जबाबदारी एका तरी अंगणवाडीकडे असलीच पाहिजे. मग भट्टीवरचे महिने कोणाच्याच वाट्याला येत नाहीत, ही चूक प्रोग्रॅमची एकही ओळ लिहिण्याआधी उघडी पडते. या पद्धतीचे खरे मोल इथे आहे.

अशी मांडणी वेळखाऊ असते, आणि तर्कचिन्हांत लिहिलेला आराखडा अंगणवाडी सेविकेला वाचता येत नाही. म्हणून तो साध्या मराठी वाक्यांत उतरवून तिच्याकडून तपासून घ्यावा. ‘जगायला जाणे’ हा शब्दप्रयोग तिच्याकडूनच मिळतो.

महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने २०२१-२२ मध्ये पालघरसह काही जिल्ह्यांत अशा स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकप्रणाली प्रायोगिक तत्त्वावर वापरली. अंगणवाडीच्या सेवा मुक्कामाच्या ठिकाणीही चालू राहाव्यात, यासाठी तिच्यात प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र ओळख क्रमांक दिला होता.