फोटोंचा हिशेब

"मिरजेला नेले" एवढे दोनच शब्द कानी पडले, की दुखणे अवघड आहे, परंतु आशा सुटलेली नाही, हे आमच्या सातारच्या जुन्या माणसांना उमजे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेचे ते मिशन रुग्णालय उघडले. सांगलीच्या वाटेवरील वानलेसवाडी त्यांचेच नाव सांगते. तेथे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते.

क्षयाचीच एक हकीकत सांगावयाची आहे. गुणकारी औषधे हाती येण्यापूर्वी जगभर एक उपाय चाले. सुईने छातीच्या पोकळीत हवा भरावयाची, म्हणजे दुखरे फुप्फुस मिटून त्यास विसावा मिळे. हवा जिरे, पुन्हा भरावी लागे. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे. दर खेपेस क्ष-किरणांच्या पडद्यावर छाती पाहावयाची. एक वेळचे पाहणे थोडकेच. पण बेरीज कोण करतो? पुढे १९६५ साली कॅनडातीलच शल्यवैद्य इयन मॅकेंझी यांनी दाखवून दिले की, अशा वारंवार पाहिलेल्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर क्षयी स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक होता. त्या डॉक्टरांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल; त्यांच्यापाशी दुसरे होते काय?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला, तो सिटी स्कॅनचा आरंभ. नळी शरीराभोवती फिरते, चहूबाजूंनी छाया टिपते. म्हणून किरणांची मात्राही मोठी. छातीच्या साध्या फोटोस ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी, स्कॅनला सुमारे ६ ते ७. निसर्गाकडून वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतातच. दहा मिलिसिव्हर्टमागे दोन हजारांत एकास पुढे प्राणघातक कर्करोग, असा एक अंदाज आहे; मुलांना धोका अधिक. डोक्यात रक्तस्राव झाल्याचा संशय असता हा हिशेब करीत बसणे वेडेपणाचे. प्रश्न आहे तो दुसऱ्या, तिसऱ्या, विनाकारण काढलेल्या स्कॅनचा.

गेल्या श्रावणात आमच्या आत्याबाईंचे स्कॅन साताऱ्यास झाले. आठवड्याने सांगलीस नेले, तो फिल्म घरीच राहिलेली! डॉक्टरांनी विचारले, "जुनी आहे का?" परत जाण्याच्या कंटाळ्याने मी, शिकलेला मास्तर, "नाही" म्हणालो. ती फिल्म अजून ट्रंकेत, आत्याबाईंच्या लुगड्यांखाली आहे.