डाग

आमच्या सानगडीच्या जुन्या घराची कवेलू उतरवायला घेतली त्या दिवशी आढ्याला खोचून ठेवलेला एक कुऱ्हाडीचा दांडा खाली आला. पाते केव्हाच गेलेले. लाकूड धावड्याचे, हातांच्या घामाने आणि चुलीच्या धुराने ते इतके गुळगुळीत व तांबूस झाले होते की, पॉलिशवाल्या कारागिराने लाजावे. मुठीच्या वर चार बोटांवर तीन तिरप्या रेघा आणि त्यांच्याखाली एक ठिपका, तापल्या लोखंडाने उमटवलेला. मी पडलो वहीत टिपणे करणारा माणूस. लगेच लिहून टाकले: 'आजोबांचा दांडा. जाळून केलेली नक्षी.'

आमचे मोठे बाबा ओसरीवर बसून हे पाहत होते. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या घरात. ते म्हणाले, "नक्षी नोहे थे. डाग आहे."

डाग! आपल्या भाषेतला हा शब्द मोठा विलक्षण आहे. धोतराला पडतो तो डाग, आणि अब्रूला लागतो तोही डाग. गुराच्या दुखऱ्या पायाला तापली सळई लावतात, ते डागणे. आणि सुनेच्या अंगावर घालतात तो सोन्याचा जिन्नसही डागच! कलंक, खूण आणि अलंकार असे तीन अर्थ एकाच शब्दाच्या पदरी. मूळ शब्द फारसी. अल्लाउद्दीन खिलजीने घोडदळातले घोडे डागण्याची पद्धत पाडली, शेरशहाने ती चालवली आणि १५७० नंतरच्या दशकात अकबराने ती पुन्हा कडकपणे अमलात आणली. सरदाराने हजेरीला एक घोडा दोनदा दाखवू नये, एवढाच त्यातला हेतू. म्हणजे डाग हा मुळात शोभेचा नव्हे, हिशेबाचा.

शोभेसाठी लाकूड जाळण्याची कला मात्र जगात पुष्कळ ठिकाणी आढळते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रज घरांतून बायका शेगडीतली तापलेली सळई घेऊन लाकडी पेट्यांवर फुले काढीत. पाकलँ नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने १८७६ च्या सुमारास जखमा डागण्यासाठी प्लॅटिनमच्या टोकाचे एक उपकरण काढले. टोक सतत तापलेले राहत असल्यामुळे पुढे हौशी मंडळींनी ते लाकडावर चालवले. इतके दूर जायचेही कारण नाही. आमच्या झाडीपट्टीच्या पूर्वेला बस्तरात बांबूच्या बासरीवर तापल्या लोखंडाने रेघांची व चौकड्यांची जी नक्षी काढतात, ती पाहिली की परदेशी पेट्यांचे कौतुक ओसरते. तिथल्या मुरिया तरुणांच्या कोरीव फण्यांबद्दल व्हेरियर एल्विन यांनी १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात आवर्जून लिहिले आहे.

पण आमच्या दांड्याची गोष्ट निराळी होती. ती समजायला भंडाऱ्याच्या रानांचा इतिहास थोडा आठवावा लागतो.

सानगडीच्या टेकडीवरचा पडका किल्ला भोसल्यांच्या आठवणी सांगतो. १८५३ साली तिसरे रघुजी वारले, राज्य खालसा झाले, आणि १८६१ साली मध्यप्रांत बनला. त्यानंतरच्या बंदोबस्तात सरकारने मालगुजारांना गावाचे मालक ठरवले. शेताबरोबर गावचे पडीक आणि रानही त्यांच्या मालकीत गेले. कुळांना राहिला तो निस्तार. नांगराचे लाकूड, कुंपणाचे काटे, जळण, चराई या गरजा गावच्या रानातून भागवण्याची वहिवाट म्हणजे निस्तार. 'वाजिब-उल-अर्ज' या गावच्या दप्तरात ती नोंदलेली असे. मालगुजारी रानापलीकडे सरकारी राखीव रान. तिथे १८७८ चा आणि पुढे १९२७ चा जंगल कायदा. या कायद्याने गुन्ह्याचे लाकूड तर जप्त करता येईच, पण त्यासाठी वापरलेली हत्यारे, गाड्या, बैलही जप्त करता येत. सरकारचे आपले लाकडावरचे डाग होतेच. हातोड्याने ठोकलेली ती खूण खोटी करणे किंवा पुसणे हाही गुन्हा. म्हणजे लाकडावर सरकार हातोड्याने सही करी आणि आमच्या घरचा कुणबी तापल्या सळईने.

आता मोठ्या बाबांनी सांगितलेली हकिकत. स्वातंत्र्याच्या एकदोन वर्षे आधीची. ऐन पेरणीत आजोबांचा नांगर मोडला. निस्ताराच्या रानात धड लाकूड उरले नव्हते, म्हणून ते राखीव रानात शिरले. तिवसाचे झाड अर्धे तोडून झाले असेल नसेल, तोच शिपायाची चाहूल लागली. पळताना कुऱ्हाड हातून सुटली. रात्री ते पुन्हा गेले, झुडपातून चाचपून ती शोधून आणली आणि घरी येताच पहिले काम काय केले, तर चुलीच्या उजेडात बसून कोयत्याने दांड्यावरचा डाग खरवडून काढला. उद्या कुऱ्हाड पुन्हा सुटलीच, तर तिने मालकाचे नाव सांगू नये!

मी दांडा उजेडात धरला. खरेच, रेघांच्या वर एक उथळ खळगा होता. अंगठा फिरवला की तीन जुन्या रेघांचा मागमूस अजून लागत होता. आग लाकडात खोल जाते. खरवडले तरी सगळी निघत नाही.

"मग हा खालचा डाग केव्हाचा?"

"मालगुजारी गेली ना गा, थ्या सालचा."

म्हणजे १९५१. त्या वर्षी ३१ मार्चला मध्यप्रदेशात कायद्याने मालगुजारी नष्ट झाली. माझ्या मनाने लगेच उडी घेतली: कुळ मोकळे झाले, आणि त्याने कुऱ्हाडीला आपले नाव परत दिले! पण इतिहास लिहिणाऱ्याने अशा सोयीच्या वाक्यांना भ्यावे. त्याच कायद्याने मालगुजारांची राने सरकारकडे गेली आणि निस्तार गावच्या वहिवाटीतून निघून अधिकाऱ्यांच्या हाती गेला. शिवाय त्याच साली आजोबांची भावाशी वाटणी झाली होती. अवजारे ओळखू यावीत एवढेच कारणही असू शकेल. मोठ्या बाबांना विचारले, तर म्हणाले, "थ्या वक्ती बापाले कोन विचारते?"

एक मात्र खरे. पुसद येथे १० जुलै १९३० रोजी लोकनायक अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, त्याची नोंद पुस्तकांतून आहे. मोडक्या नांगरासाठी अर्धे झाड तोडून पळालेल्या माणसाची नोंद या दांड्यावाचून कुठेच नाही. रानावरचा गावाचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ साल उजाडावे लागले.

मग मला वाटले, हा डाग आपणही घालून पाहावा. गावच्या वाढईकडून धावड्याचा नवा दांडा तासून घेतला, काचेच्या तुकड्याने घासला आणि अंगणात निखाऱ्यांत सळई ठेवली. पहिली रेघ ओढली ती लालबुंद सळईने. भसकन धूर निघाला, कडा जळून पसरल्या आणि रेघेची नालीच झाली. दुसऱ्या खेपेस घाबरून सळई निवू दिली, तर नुसता चहासारखा पिवळट डाग. लाकूड कठीण म्हणून मी जोर लावला, तशी सळई तंतूंवरून घसरली आणि रेघ वाकडी झाली.

"घाई कायले करतं गा? लोखंडाचा लाल रंग मरू दे, मंग टेकव. दाबू नोको. थे आपल्यानं जाते."

तसे केले. सळईची लाली विझली की क्षणभर थांबायचे, टेकवायचे आणि एका संथ गतीने ओढायचे. थांबलात तिथे काळा ठिपका, घाई केली तिथे फिकट. दीड वितीच्या लाकडावर माणसाचा स्वभाव असा उमटतो. दर रेघेगणिक सळई पुन्हा निखाऱ्यात. तीन रेघा आणि एक ठिपका व्हायला माझी सबंध दुपार गेली. आजोबांची ठिपक्याची जागा पाहिली तेव्हा कळले की, तो ठिपका म्हणजे हात स्थिर ठेवून मनात काही मोजल्याची खूण आहे.

माझी पहिली रेघ मात्र वाकडी ती वाकडीच. मी चाकू उचलला आणि म्हणालो, "मोठे बाबा, एवढी खरवडून पुन्हा ओढतो."

त्यांनी माझ्या हातून दांडा घेतला, अंगठा फिरवला आणि जुन्या दांड्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "खरवडलेला एक पुरे आहे घरात."