लेकराला किती दिवस वेगळं ठेवायचं?

आजची गोष्ट फार जुनी नाही, तरी आता ती इतिहासच झाली. करोनाच्या काळात घरोघरी एक प्रश्न होता: लेकराला लागण झाली, तर किती दिवस वेगळं ठेवायचं? आई त्याच्याजवळ थांबली की तिची मजुरी बुडायची.

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. तेव्हा दवाखान्यातून घरी सोडण्याआधी आरटी-पीसीआरचे दोन अहवाल निगेटिव्ह यावे लागत. पण ही तपासणी विषाणूचे निकामी तुकडेही पकडते. माणूस बरा झाला, तरी अहवाल पॉझिटिव्हच येई. म्हणून ८ मे २०२० ला केंद्र सरकारनं नियम बदलला. आजार सौम्य असेल आणि ३ दिवस ताप नसेल, तर १० दिवसांनी तपासणी न करता घरी सोडायचं. पुढं ७ दिवस घरातच वेगळं राहायचं.

जून २०२० मध्ये आयसीएमआरनं रॅपिड अँटिजेन चाचणीला परवानगी दिली. नाकात काडी फिरवायची, अर्ध्या तासात पट्टीवर निकाल. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीचं घरी वापरायचं किटही मंजूर झालं. ‘सी’पाशी रेघ आली, तर चाचणी नीट झाली. ‘टी’पाशीही आली, तर लागण आहे. मात्र नाकात विषाणू कमी असले, तर ही चाचणी चुकते. म्हणून त्रास होत असताना निगेटिव्ह आलं, तर आरटी-पीसीआर करायला सांगत.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत घरचं विलगीकरण ७ दिवसांवर आलं. पुढं ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला. ओमायक्रॉनची लागण झालेली ७ ते १८ वर्षांची ७६ मुलं त्यांनी तपासली. निम्म्या मुलांकडून साधारण ३ दिवसांनंतर संसर्ग पसरण्याजोगा नव्हता. पाचव्या दिवशी दर पाचांतलं जवळपास एक मूल अजून आजार पसरवू शकत होतं. दहाव्या दिवशी शंभरात चार. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत या दिवसांचा फरक दिसला नाही.

म्हणजे बहुतेक लेकरं लवकर मोकळी होतात, सगळी नाही. ताप उतरला म्हणून लगेच आजीच्या कुशीत धाडू नका. काही दिवस मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, आशाताईंना विचारा. आणि मोकळं झालेलं मूल भीतीपोटी शाळेपासून अडवूही नका. त्या दोन वर्षांत शाळा बंद राहून पोरांचं किती नुकसान झालं, हे आपण पाहिलंच आहे.

येते मैत्रिणींनो. काळजी घ्या.