बक्षिसी आणि धरणें

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा महामार्ग चारोटी मागें टाकून तलासरीकडे निघाला, म्हणजे वाटेवर विवळवेढें हें गांव लागतें. तेथील महालक्ष्मी ही डहाणू-तलासरी भागांतील वारली व इतर आदिवासी समाजांची मोठी आराध्य देवता. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास तिची यात्रा भरते, तेव्हां रानावनांतून माणसांची रीघ लागते. एरवीं या वाटेवरून शहरी लोकांच्या मोटारी धांवत असतात. चहाफराळासाठीं एखाद्या हॉटेलाशीं मोटार थांबते, खाणें होतें, बडीशेपेच्या बशींत बिल येतें, आणि सुटे पैसे उचलतांना गृहस्थाचा हात क्षणभर अडतो. बशींत किती ठेवावें? कांहींच न ठेवलें तर वाढणारा मुलगा मनांत काय म्हणेल? आणि पुष्कळ ठेवलें तर बरोबरची मंडळी काय म्हणतील?

प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण सेवा करणाराचें पोट कोणीं भरावयाचें, हा फार जुना वाद त्यांत दडलेला आहे. आणि त्या वादांतील एक मोठा निवाडा याच गांवाच्या आसपासच्या रानांत १९४५ सालीं झाला, हें मोटारींतून जाणाऱ्या थोड्यांनाच ठाऊक असतें.

आज या वादास नवी धार आली आहे. वाढपी पूर्वीं मनांत म्हणे तें आतां चारचौघांत, नव्हे साऱ्या जगासमोर म्हणूं लागला आहे. जानेवारी २०१३ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुइस येथें एका धर्मोपदेशक बाईंनीं उपाहारगृहाच्या बिलावर लावलेली शेकडा १८ बक्षिसी खोडून, देवाला आपण शेकडा १० देतों, मग तुला १८ कां, अशा अर्थाचा शेरा मारला. तेथील एका सेविकेनें त्या बिलाचें छायाचित्र महाजालावर प्रसिद्ध केलें. गिऱ्हाइकाची जगभर नाचक्की झाली आणि सेविकेची नोकरी गेली.   या प्रकारांत अन्याय कोणावर झाला, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

बक्षीस हा शब्द फारशींतून आला. त्याच्या मुळाशीं ‘देऊन टाकणें’ हा अर्थ आहे. दात्याची मर्जी हा त्याचा प्राण होय. फ्रेंच व जर्मन लोक बक्षिसीस ‘पिण्यासाठीं दिलेले पैसे’ या अर्थाचे शब्द वापरतात. रशियन माणूस ‘चहासाठीं’ असें म्हणतो. आणि मराठी माणूसही ‘चहापाणी’ हाच शब्द उच्चारतो. इतक्या दूरदूरच्या भाषांनीं एकच उपमा काढावी, यांत एक मर्म आहे. पोटाची भाकरी दुसरीकडून मिळते, हें तर वरचें घोटभर पेय, असा या सर्व शब्दांचा गर्भितार्थ आहे. भाकरी मिळत असेल तोंवर चहाचा घोट गोड लागतो. चहालाच भाकरी म्हणावयाची वेळ आली म्हणजे सारा घोटाळा होतो.

जुन्या महाराष्ट्रांत सेवेचा मोबदला मुख्यतः बक्षिसीच्या नव्हे, तर बलुत्याच्या रूपानें मिळे. सुतार, लोहार, न्हावी, परीट इत्यादि बलुतेदारांस पिकांतील ठराविक वांटा असे. थोरली, मधली व धाकटी अशा तीन कासा लावून तो कमीजास्त ठरलेला असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेचे गुणदोष मोठ्या बारकाईनें मांडले आहेत. बलुतें हा हक्क होता, हा तिचा मोठा गुण. पण तो हक्क खळ्यावर जाऊन, कुणब्याच्या मर्जीचा काळवेळ पाहून उगवावा लागे, हा तिचा मोठा दोष. हक्काचें रूप याचनेचें झालें, कीं हक्कदाराची मान खालीं जाते.

दान चारचौघांत पुकारण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. पहाटे दारीं येणारा वासुदेव मिळालेलें दान कोणकोणत्या देवतांस पावलें, तें नांवें घेऊन गातो. तमाशांतील दौलतजादेंत पैसे देणाराचें नांव फडावर घेतलें जाई, आणि त्या पुकाऱ्याच्या गोडीनेंच कित्येकांचे हात सैल सुटत. जुन्या उपाहारगृहांत बिल हातीं देण्याची चाल सर्वत्र नव्हती. गिऱ्हाईक उठलें कीं वाढपी गल्ल्याकडे तोंड करून आंकडा ओरडे, आणि कोणीं किती खाल्लें तें सर्वांस कळे. उदाराची स्तुति चारचौघांत होऊं लागली, म्हणजे चिक्कूची निंदाही चारचौघांतच होणार. एकीची गोडी घेणाऱ्या समाजास दुसरीची तक्रार करतां येत नाहीं.

परंतु निंदा वेगळी आणि तगादा वेगळा. थकलेल्या पैशासाठीं चारचौघांत लाज आणण्याचें आपल्याकडील खरें शस्त्र म्हणजे धरणें. टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या छावणींतून लिहिलेल्या पत्रांत या प्रकाराचें वर्णन आढळतें. धनको ऋणकोच्या दारीं बसे, प्रसंगीं स्वतः उपाशी राही आणि ऋणकोसही अन्न घेणें अशक्य करून सोडी. पगार थकलेले शिपाई सरदारांवर हाच उपाय करीत. इंग्रजांस या चालीची इतकी धास्ती वाटली, कीं १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत दैवी कोपाची भीति घालण्याच्या अपराधास उदाहरण म्हणून दारीं धरणें धरून बसणाऱ्या माणसाचेंच दिलें गेलें. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. दैवी कोपाचें भय आतां ओसरलें, पण धरणें हा शब्द मोर्चे व संपांच्या बातम्यांत अद्याप जिवंत आहे.

या धरण्यास एक मर्यादा होती, ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. धरणें देणेकऱ्याच्याच दारीं धरावयाचें. वाटेनें जाणाऱ्याच्या दारीं नव्हे. मागणी ठरलेल्या रकमेची असावयाची, मर्जीची नव्हे. आणि धरणाऱ्यानें स्वतः क्लेश सोसावयाचे. नुसती जीभ चालवून भागत नसे.

देणेकरी नेमका कोण, हा प्रश्न महाराष्ट्रांत विधिमंडळापर्यंत नेला तो डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं. वतनदार महार हा १८७४ च्या वतन कायद्याखालीं सरकारचा चाकर; रात्रंदिवस केव्हांही बोलावणें आलें कीं त्यास हजर व्हावें लागे, आणि तो नसला तर घरांतील दुसऱ्यास जावें लागे. पण चाकरी सरकारची असली, तरी मोबदल्याचा मोठा भाग रयतेनें द्यावयाच्या बलुत्यावर सोडलेला. १९ मार्च १९२८ रोजीं बाबासाहेबांनीं मुंबई विधिमंडळांत विधेयक आणलें. बलुत्याऐवजीं रोख कर बसवावा, तो सरकारनें साऱ्याबरोबर वसूल करावा आणि चाकरांस पगार म्हणून द्यावा, असा त्यांतील एक प्रमुख विचार होता. काम घेणारानेंच दाम द्यावा, हा त्याचा सरळ अर्थ. पुढें तें विधेयक मागें घ्यावें लागलें. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडलें. तथापि दारोदार भाकरी मागण्यांत चाकराची अप्रतिष्ठा आहे, हें सत्य त्या वादानें कायमचें प्रस्थापित केलें.

डहाणूच्या रानांत तर बलुत्याइतकाही आधार नव्हता. येथील वारली जमिनी गमावून जमीनदारांचीं कुळें झाले होते. डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्यानें १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारास आदिवासी भागाविषयीं अहवाल दिला. जमीनदारास गरज पडेल तितके दिवस कुळानें कामावर यावयाचें, आणि त्याबद्दल फार तर दिवसास एक आणा मिळावयाचा. पुष्कळदां आणाही नाहीं, तर एका माणसाच्या एका जेवणास जेमतेम पुरतील इतके तांदूळ, असें त्यानें नमूद केलें. हीच वेठ. लग्नासाठीं कर्ज काढणारा नवरा-बायकोसह जमीनदाराच्या घरीं राबे. त्यास लग्नगडी म्हणत. कर्ज फिटलें केव्हां, हें ठरविणार जमीनदारच. मूठभर तांदूळ देणारा स्वतःस अन्नदाता समजे. घेणाऱ्यानें तें मजुरी म्हणून मागणें हा उद्धटपणा ठरे. मजुरीस बक्षिसीचें सोंग चढविलें, म्हणजे चोरीसही दानाचा मान मिळतो.

१९४५ च्या जानेवारींत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तिला या भागांतील कांहीं वारली गेले होते. पुढें शामराव व गोदावरी परुळेकर हे दांपत्य त्यांच्यांत येऊन राहिलें. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळ झरी येथें हजारों वारल्यांची परिषद झाली. वेठ करावयाची नाहीं, आणि दिवसास १२ आणे रोख मजुरी मिळाल्यावांचून जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर राबावयाचें नाहीं, असा निश्चय तेथें झाला. थोड्याच आठवड्यांत वेठ बंद पडली, लग्नगडी मोकळे झाले. पावसाळा सरतां गवतकापणीचा प्रश्न आला. ५०० पौंड गवतास अडीच रुपये दर मिळावा अशी मागणी करून वारल्यांनीं विळे खालीं ठेवले. ऑक्टोबर १९४५ मध्यें तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड व आणखी चौघे प्राणांस मुकले. तरीही लढा मोडला नाहीं. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत ही सारी हकीगत आली आहे.

या लढ्याचा आणि हॉटेलांतील बक्षिसीचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा, कीं वारल्यांनीं दार बिनचूक ओळखलें. जमीनदाराच्या दयाबुद्धीस त्यांनीं हांक मारली नाहीं. मूठभर तांदुळांचे दोन मुठी करा अशी याचना केली नाहीं. कोणा वाटसरूसही लाजविलें नाहीं. अमुक काम, अमुक दाम, असा आंकडा मांडून ते काम घेणाऱ्याच्या दारांत उभे राहिले, आणि उपासमारीची झळ आधीं स्वतः सोसली. जुन्या धरण्याच्या तिन्ही मर्यादा त्यांत पाळल्या गेल्या होत्या.

अमेरिकेचा अनुभव याच्या उलट दिशेनें हेंच शिकवितो. तेथें यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनें आगगाडीच्या शयनडब्यांवर गुलामगिरींतून सुटलेले कृष्णवर्णी चाकर ठेवले. पगार तुटपुंजा, बाकीचें प्रवाशांच्या बक्षिसीवर. १९०९ सालीं वॉशिंग्टन राज्यानें बक्षिसी कायद्यानेंच बंद केली. आणखी पांच राज्यांनीं अनुकरण केलें. पण १९२६ पर्यंत ते सारे कायदे रद्द झाले. नुसत्या बंदीनें पोट भरत नव्हतें. पुलमनच्या चाकरांनीं १९२५ सालीं संघ स्थापिला, १९३७ सालीं कंपनीशीं करार केला, तेव्हां त्यांची मान वर झाली. उपाहारगृहांतील सेवकांचें भाग्य मात्र उघडलें नाहीं. बक्षिसी मिळते म्हणून मालकानें कमी पगार द्यावा, अशी सवलत संघराज्याच्या कायद्यांत आहे, आणि तो किमान रोख पगार १९९१ पासून तासास २.१३ डॉलर इतकाच राहिला आहे. सेंट लुइसच्या त्या सेविकेचा राग येथून उगम पावतो. राग खरा होता. दार चुकलें होतें.

आपल्या देशांत सुदैवानें कायद्याची वाट निराळी आहे. १९४८ सालीं किमान वेतनाचा कायदा झाला. त्याच सालच्या मुंबई दुकानें व आस्थापना कायद्यानें उपाहारगृहांतील नोकरांस कामाचे तास व साप्ताहिक सुटी बांधून दिली. एप्रिल २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं गिऱ्हाईक स्वेच्छेनें देतें ती बक्षिसी हा मालकानें दिलेला पगार नव्हे. २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें बिलांत सेवाशुल्क सक्तीनें लावण्यास मनाई करणारीं २०२२ चीं मार्गदर्शक तत्त्वें उचलून धरलीं. दोन्ही निर्णयांचें सार एकच: पगार ही मालकाची जबाबदारी आणि बक्षिसी ही गिऱ्हाइकाची खुषी. एकीचें ओझें दुसरीवर ढकलूं नये.

मग सुशिक्षित कुटुंबानें वागावें कसें? सेवाशुल्क बिलांत आहे काय तें आधीं पाहावें. द्यावयाचें तें शक्य तों ज्यानें सेवा केली त्याच्याच हातीं, गाजावाजा न करतां द्यावें. द्यावयाचें नसल्यास अपराध्यासारखें चोरून उठूं नये; गोड शब्द व धन्यवाद हे तरी अवश्य असावेत. ‘ए पोऱ्या’ अशी हांक मारून मागाहून दहा रुपये टाकण्यापेक्षां, ‘अहो’ म्हणून बोलावणें ही अधिक मोलाची बक्षिसी आहे. आणि मुख्य गोष्ट अशी, कीं आपल्या घरच्या मोलकरणीस, पहारेकऱ्यास, स्वयंपाकिणीस आपण दिवाळीची पोस्त देतों, तिचा हिशेब महिन्याच्या पगारांत कधीं धरूं नये. तेथें आपण गिऱ्हाईक नसतों, मालक असतों. पगार अपुरा असेल तर धरण्याचें खरें दार आपलेंच आहे.

सेवकानें गिऱ्हाइकाची अब्रू वेशीवर टांगणें शोभत नाहीं, आणि मालकानें त्या दोघांस भांडावयास लावून गल्ला मोजीत बसणें तर मुळींच शोभत नाहीं. दात्याची खुषी आणि कष्टाचें मोल यांची सरमिसळ होते, तेथें देणारा गर्विष्ठ होतो आणि घेणारा लाचार किंवा कडवट. झरीच्या माळावर जमलेल्या, अक्षरशत्रु समजल्या जाणाऱ्या वारल्यांस हा भेद उमगला होता. त्यांनीं दान नाकारलें नाहीं कीं दात्यास शिव्या दिल्या नाहींत. आधीं दाम मागितला. दाम पुरा मिळाला, म्हणजे मग दिलेला चहाचा घोट दोघांनाही गोड लागतो.