वल्ही अजून होडीतच आहेत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पहाटेचे साडेचार वाजले असतील. जाळे ओढून झाले होते, बंगडा बेताचाच लागला होता आणि आमची होडी किनाऱ्याकडे वळली होती. होडीच्या मागे लटकवलेले जुने आउटबोर्ड इंजिन पाचेक मिनिटे नीट चालले, मग धापा टाकू लागले आणि एकाएकी गप्प झाले. मामाने दोरी ओढली. एकदा, दोनदा, दहादा. इंजिन थोडे धुगधुगायचे आणि पुन्हा बंद पडायचे. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी 'मतलई वारे' पाठ केलेले असतात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. त्यांचा खरा अर्थ मला त्या पहाटे कळला. बंद इंजिनाची होडी हळूहळू बाहेर चालली होती आणि किनाऱ्यावरचे दिवे बारीक होत होते.

ही गोष्ट सिंधुदुर्गातली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. मी सुट्टीत मामाकडे गेलो होतो. मामाने इंजिनाचे झाकण काढले नाही की पाना हातात घेतला नाही. तो इंधनाच्या टाकीपाशी वाकला, टाकीच्या टोपणावरचा एक छोटासा स्क्रू त्याने दोन आटे सैल केला आणि तिथून 'सुस्स' असा आवाज आला. मामा म्हणाला, "मशीन मरूक नाय रे, तेका श्वास गावणा नाय." तो हवेचा स्क्रू मीच बंद केला होता. हेलकाव्यांनी इंधन सांडते, वास येतो, म्हणून! हवा आत शिरेना, टाकीत पोकळी झाली आणि इंधन पुढे सरकेना. चूक एवढीशी, पण ती समुद्रात झाली होती.

तेव्हापासून या यंत्राचे मला कुतूहल आहे. होडीच्या कडेला लटकणारे हे यंत्र आले कुठून? आणि त्याच्या बारीकसारीक दुखण्यांची विद्या आमच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली कशी?

होडीच्या पोटात कायमचे बसवतात ते इनबोर्ड इंजिन आणि बाहेर, मागच्या फळीला अडकवतात ते आउटबोर्ड. १८८१ मध्ये गुस्ताव ट्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने विजेवर चालणारे, काढता-घालता येणारे असे यंत्र पॅरिसच्या सीन नदीत चालवून दाखवले होते. १९०५ च्या सुमारास अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने पेट्रोलवरचे आउटबोर्ड तयार केले. पण हे यंत्र घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय जाते ते ओले एव्हिनरूड या माणसाला. जन्म नॉर्वेतला, १८७७ चा. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला, शेतावर वाढला आणि पुढे मिलवॉकी शहरात यंत्रांच्या धंद्यात पडला.

त्याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. उन्हाळ्यातली दुपार, तळ्याकाठची सहल. बेस या आपल्या प्रिय व्यक्तीला आइस्क्रीम हवे होते, म्हणून ओले वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला. परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले होते. म्हणे त्या दिवशी त्याने ठरवले, होडीला इंजिन लावायचेच! गोष्टीत तिखटमीठ किती, हा भाग सोडून देऊ. १९०९ मध्ये त्याचे इंजिन बाजारात आले, हे मात्र खरे. ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. आणि किंमतही ६२ डॉलर. बेस आता त्याची पत्नी होती आणि धंद्याचा पत्रव्यवहार तीच पाहत होती. 'वल्ही टाकून द्या' अशा अर्थाची जाहिरात तिनेच लिहिली, आणि ती गाजली.

गंमत अशी, की सहलीच्या हौसेतून निघालेले हे इंजिन लवकरच कोळ्यांच्या हाती गेले. न्यूयॉर्कमधल्या, मूळच्या डॅनिश, अशा एका निर्यातदाराने ही इंजिने स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांकडे धाडली आणि तिकडून हजारोंनी मागणी आली. कारण उघड आहे. गरीब मच्छीमाराला नवी नौका परवडत नाही, पण आहे त्या होडीला मागे इंजिन अडकवता येते. बिघडले, तर चिमटे सैल करायचे, खांद्यावर टाकायचे आणि घरच्या पडवीत नेऊन खोलायचे. माझ्या मते आउटबोर्डचा सगळा मोठेपणा या एका गोष्टीत आहे.

दुसरा मोठेपणा त्याच्या साधेपणात. जुनी आउटबोर्डे बहुतेक सगळी 'टू-स्ट्रोक'. त्यात मोटारीसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह आणि त्यांचा पसारा नाही. वंगणाचा वेगळा साठाही नाही. तेल इंधनातच मिसळायचे. जुन्या काळी चोवीस भागांना एक भाग तेल लागे, पुढे पन्नासाला एक पुरू लागले. हे प्रमाण चुकले, की यंत्र एक तर धुराने कोंदते, नाही तर कोरडे पडून जाम होते. म्हणजे या इंजिनाच्या पोटात जाणारे इंधन हे त्याचे अन्नही आणि औषधही. म्हणूनच त्याची बहुतेक दुखणी इंधनापाशीच सुरू होतात.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि १९५३ पासून केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. स्थानिक होड्यांना इंजिने बसवावीत, हा मूळ विचार. पण किनाऱ्यावर लाटांतून ओढून आणायच्या त्या होड्यांना जड इनबोर्ड इंजिन मानवेना. मग नव्या यांत्रिक नौका बांधल्या गेल्या. पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, ट्रॉलर वाढले आणि जे मूळ होडीवाले होते, तेच मागे पडले. केरळात, गोव्यात, आपल्याकडेही संघर्ष उभे राहिले. गोव्यातल्या रापणकारांचे सत्तरच्या दशकातले आंदोलन अनेकांना आठवत असेल. त्यातूनच १९८० मध्ये केरळ व गोव्यात आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले.

कायदा आला तरी समुद्रात मासे गाठायला वेग लागतोच. सुमारे १९८० पासून पारंपरिक होड्यांवर जपानी आउटबोर्डे दिसू लागली आणि काही वर्षांतच केरळच्या किनाऱ्याचा आवाज बदलला. ज्या होड्यांना यंत्र बसत नाही म्हणून त्या बाजूला सारल्या गेल्या होत्या, त्यांच्याच मागे आता यंत्र लटकले. मच्छीमारांच्या सहकारी संघांनी इंजिनांबरोबर दुरुस्तीचीही सोय केली. गावोगाव मिस्त्री तयार झाले. कोणी सायकलच्या दुकानातून आला, कोणी स्कूटरच्या गॅरेजमधून.

पेट्रोल महाग, म्हणून यातली पुष्कळ इंजिने रॉकेलवर चालणारी. रॉकेल थंड इंजिनात पेट घेत नाही. तेव्हा सुरुवात पेट्रोलवर करायची, इंजिन तापले की नळ रॉकेलकडे फिरवायचा आणि बंद करण्याआधी पुन्हा काही मिनिटे पेट्रोलवर चालवायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्बुरेटरमध्ये पेट्रोल तयार राहते. घाईत ही शेवटची पायरी विसरलेला माणूस दुसऱ्या पहाटे दोरी ओढून ओढून हात दुखवून घेतो. रॉकेलने प्लग लवकर काळे होतात, म्हणून जाणता नाखवा खिशात विड्यांबरोबर जादा प्लग बाळगतो.

आमच्या गावच्या मिस्त्रीची तपासणीची पद्धत डॉक्टरसारखी होती. आधी प्रश्न, मग हात. पहिला प्रश्न हवेच्या स्क्रूचा. तो मी जन्मात विसरणार नाही. मग टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतला रबरी फुगा तो दाबून बघे. दाबल्यावर फुगा चपटाच राहिला, तर अडथळा टाकीच्या बाजूला. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर नळीत कुठेतरी हवा शिरते आहे किंवा फुग्यातली झडप गेली आहे. आणि फुगा सतत दाबत राहिले तरच इंजिन चालत असेल, तर इंजिनावरच्या इंधन पंपाचा पडदा फाटलेला. पाच मिनिटांत, काहीही न खोलता, निम्मे निदान!

मग प्लग काढून बघायचा. कोरडा असेल, तर इंधन पोहोचत नाही. ओला असेल, तर इंधन येते आहे, पण ठिणगी नाही किंवा इंधन फार झाले आहे. त्यावर पाण्याचे थेंब दिसले, तर प्रकरण गंभीर. शेवटी कार्बुरेटरची वाटी एका काचेच्या बाटलीत रिकामी करायची आणि बाटली स्थिर धरायची. पाणी असेल, तर ते तळाला वेगळे दिसते. वाटीतल्या जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे. ते तारेने कोरायचे नाही, पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की इंधनाचे माप बिघडते. मिस्त्री जाळ्याची बारीक तंगूस त्यातून ओवून काढायचा. अमेरिकेत जन्मलेल्या, जपानात घडलेल्या इंजिनावर कोकणातल्या तंगुशीचा इलाज!

इंजिन चालू झाले, की मागून पाण्याची बारीक धार पडते का, हे बघायचे. ती धार म्हणजे थंड करणारे पाणी फिरते आहे याची खूण. उथळ पाण्यातली वाळू पंपाचे रबरी पाते झिजवते. धार थांबली, तर इंजिन लगेच बंद करायचे, मग किनारा कितीही जवळ असो.

नव्या काळाने एक नवे दुखणे आणले आहे. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यासह नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. उसाच्या शेतकऱ्याला आणि देशाच्या तेलाच्या बिलाला त्याचा उपयोग आहे, हे मान्य. पण इथेनॉल पाणी शोषते आणि समुद्रावर हवाच ओली. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसते. इंधन ओढणारी नळी असते तळाशीच. टू-स्ट्रोकचे तेल मात्र वर पेट्रोलबरोबर राहते. म्हणजे इंजिनात जाते ते पाणीदार आणि बिनवंगणाचे. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने मऊ पडतात, त्यांचे कण जेटमध्ये अडकतात. उपाय साधे आहेत. इंधन साठवून ठेवू नये, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा, जुन्या नळ्या बदलाव्यात आणि मासेमारीबंदीच्या काळात टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवावेत. मात्र हे इंधन ठरवताना किनाऱ्यावरच्या जुन्या इंजिनाचा विचार कोणी केला, असे मला वाटत नाही.

इकडे जुनी इंजिनेही एकेक करून निरोप घेत आहेत. धूर आणि पाण्यात जाणारे न जळलेले इंधन यांमुळे अमेरिकेत १९९८ पासून टप्प्याटप्प्याने कडक नियम आले आणि साध्या टू-स्ट्रोकचे दिवस तिथे संपले. एव्हिनरूड इंजिने बनवणारी कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मालकांनी ते नाव चालवले, पण २०२० मध्ये त्यांनीही एव्हिनरूडचे उत्पादन थांबवले. नवी फोर-स्ट्रोक इंजिने इंधन कमी खातात, धूर कमी करतात. त्यांचे स्वागतच आहे. पण त्यांच्या पोटात आता संगणक बसला आहे. तो बिघडला, तर मिस्त्रीच्या तंगुशीचा उपयोग नाही, तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. हंगामातले चार दिवस होडी किनाऱ्यावर राहणे म्हणजे काय, हे कर्ज काढून इंजिन घेतलेल्या घराला विचारा. यंत्र सुधारते तेव्हा ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहतो, हा प्रश्न म्हणूनच मला अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

त्या पहाटे मामा टाकीपाशी वाकला होता, तेव्हा मी काय करत होतो, ते सांगायचे राहिलेच. त्याने माझ्या हाती वल्हे दिले होते आणि नाळ किनाऱ्याकडे धरून ठेवायला सांगितले होते. माझ्या वल्हवण्याने होडी पुढे गेली नाही, पण आडवीही झाली नाही आणि फार लांबही गेली नाही. तेवढी उसंत मिळाली म्हणून तो स्क्रू सापडला.

बेस एव्हिनरूडने वल्ही टाकून द्यायला सांगितले त्याला शंभरावर वर्षे झाली. तळ्यावरच्या सहलीसाठी तो सल्ला ठीकच होता. मामाची होडी पुढे तीन इंजिनांनी बदलली, फळ्या जाऊन फायबर आले. आता मामेभाऊ ती चालवतो. गेल्या मे महिन्यात गेलो, तेव्हा मी आधी होडीत डोकावून पाहिले. जाळ्यांच्या खाली, घासून गुळगुळीत झालेली, दोन्ही वल्ही जागेवर होती.